चालू साइटवर मोठ्या टेबलाचं मायग्रेशन: कॉलम बदलायचाय, साइट बंद न ठेवता (फोरमवरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रिकामी_ओळ

जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ४.२, पोस्टग्रेस (डेटाबेस) १४. ऑर्डर टेबलात साधारण ४ कोटी रेकॉर्ड. त्यात 'चॅनल' नावाचा जुना टेक्स्ट कॉलम आहे आणि त्यात वेब, वेबसाइट, ॲप, मोबाइल असं वाट्टेल ते साठलंय. त्याच्या जागी 'स्रोत' हा नवा कॉलम हवा: ठरावीक चारच किंमती, नल चालणार नाही, वर इंडेक्स. नंतर 'चॅनल' काढून टाकायचा.

सध्या एकाच मायग्रेशन फाइलमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलमध्ये) ॲडफील्ड, मग डेटा भरणारं रनपायथन, मग रिमूव्हफील्ड असं लिहिलंय. लोकलवर दोन सेकंदांत होतं. प्रॉडक्शनवर चार सर्व्हर आहेत, नवा कोड एकेकावर चढत जातो. हे असंच चालवलं तर काय मोडेल, आणि कोणत्या क्रमाने करावं?

तळटीप

असंच चालवलं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी मोडतील, म्हणून त्या सुट्या करून बघा.

पहिली, ट्रान्झॅक्शन. पोस्टग्रेसवर जँगो प्रत्येक मायग्रेशन फाइल एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो. ॲडफील्डने घेतलेलं ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. म्हणजे मधलं रनपायथन ४ कोटी रेकॉर्ड भरत बसेल तेवढा वेळ ऑर्डर टेबलावर साधं सिलेक्टसुद्धा चालणार नाही. कॉलम घालायला काही मिलिसेकंद पुरतात. साइट झोपते ती त्याच्या शेजारी बसवलेल्या डेटाच्या कामामुळे.

दुसरी, जुना कोड. मायग्रेशन झालं पण चारपैकी तीन सर्व्हरवर अजून जुना कोड आहे, अशी वेळ प्रत्येक डिप्लॉयमध्ये येतेच. जँगो सिलेक्टमध्ये तारा वापरत नाही, मॉडेलमधल्या प्रत्येक कॉलमचं नाव घेतो. त्यामुळे 'चॅनल' उडाला की जुन्या कोडची ऑर्डरवरची प्रत्येक क्वेरी 'कॉलम अस्तित्वात नाही' म्हणून पडणार.

तिसरी अनेकांच्या लक्षात येत नाही. ॲडफील्डला डिफॉल्ट दिलं तर जँगो कॉलम घालताना डेटाबेसला ते डिफॉल्ट देतो आणि लगेच पुढच्याच ओळीत अल्टर कॉलम ड्रॉप डिफॉल्ट करतो. एसक्यूएलमायग्रेट (मायग्रेशनचं एसक्यूएल दाखवणारी कमांड) चालवून बघा, दोन्ही ओळी दिसतील. जुन्या रेकॉर्डांत किंमत बसते, पण डेटाबेसकडे डिफॉल्ट उरत नाही. मग जुना कोड 'स्रोत'चं नाव न घेता इन्सर्ट करतो आणि नॉट नलचा भंग होतो. जँगो ५.० पासून डीबी_डिफॉल्ट आहे, ते डेटाबेसमध्ये टिकतं. ४.२ वर असाल तर कॉलम आधी नल चालणारा ठेवा, किंवा रनएसक्यूएलने डिफॉल्ट स्वतः लावा.

सगळं एकाच नियमात बसतं: प्रत्येक पायरीनंतरची रचना आत्ताच्या कोडलाही चालली पाहिजे आणि लगेच पुढच्या कोडलाही.

अर्धविराम

+१. क्रम असा ठेवा. प्रत्येक ओळ वेगळी फाइल किंवा वेगळा डिप्लॉय, एकत्र करायचा मोह टाळा:

१. 'स्रोत' नल चालणारा म्हणून घाला, इंडेक्स नको.
२. दोन्ही कॉलमांत लिहिणारा कोड चढवा. वाचन अजून 'चॅनल'मधूनच.
३. जुने रेकॉर्ड तुकड्या-तुकड्याने भरा. मायग्रेशनमध्ये नाही, वेगळ्या मॅनेजमेंट कमांडने.
४. इंडेक्स कन्करंटली, म्हणजे लेखन न थांबवता.
५. नॉट नल.
६. वाचन 'स्रोत'वर आणा.
७. 'चॅनल'वरचं नॉट नल काढा, मग कोडमधून 'चॅनल' काढा.
८. कॉलम ड्रॉप.

दोन नंबरचा कोड चारही सर्व्हरवर चढल्याशिवाय तीन सुरू करू नका. एक जरी जुना सर्व्हर फक्त 'चॅनल'मध्ये लिहीत असेल तर बॅकफिल (जुने रेकॉर्ड भरण्याचं काम) जिथून पुढे सरकलं तिथे मागे नल पडत राहतील. सेलरीचे (पडद्यामागची कामं चालवणाऱ्या साधनाचे) वर्कर आणि क्रॉनमधल्या स्क्रिप्टही 'सर्व्हर'मध्येच धरा. वेबचे सर्व्हर रीस्टार्ट होतात आणि वर्कर जुनाच कोड पोटात घेऊन दिवसभर चालू राहतात.

रिकामी_ओळ

दोन्हीकडे लिहिणं मॉडेलच्या सेव्ह मेथडमध्ये टाकलं तर पुरेल ना?

अर्धविराम

नाही. बल्क_क्रिएट, बल्क_अपडेट आणि क्वेरीसेटचं अपडेट हे तिन्ही सेव्हला वळसा घालून जातात. सिग्नलसुद्धा या तिघांना लागत नाहीत, अपवादालाही नाही. कोडबेसमध्ये 'चॅनल=' शोधा आणि प्रत्येक जागा हाताने तपासा. जागा फार असतील, किंवा दुसरं एखादं ॲप्लिकेशन त्याच टेबलात लिहीत असेल, तर बिफोर इन्सर्ट ऑर अपडेट ट्रिगर लावा: 'स्रोत' नल आला तर 'चॅनल'वरून काढून भरायचा. काम संपल्यावर ट्रिगर काढायचं मायग्रेशन आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर तो कायमचा राहतो आणि नंतर कुणालाच कळत नाही की ही किंमत येते कुठून.

तळटीप

पहिल्या पायरीबद्दल एक भर. नल चालणारा कॉलम घालणं म्हणजे फक्त कॅटलॉगमधली नोंद, टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डिफॉल्टसकट कॉलम घातला तरी टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. पण डिफॉल्ट दर रेकॉर्डला वेगळं येणारं असेल, उदाहरणार्थ रँडम यूयूआयडी, तर आजही पूर्ण टेबल पुन्हा लिहिलं जातं.

आणि 'काही मिलिसेकंदांचं काम' हेही निर्धास्त चालवू नका. खरा घोटाळा लॉकच्या रांगेत होतो. समजा कुणीतरी रिपोर्टसाठी ऑर्डर टेबलावर दहा मिनिटांची सिलेक्ट लावली आहे. तुमच्या अल्टर टेबलला ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक हवं, ते या सिलेक्टशी जुळत नाही, म्हणून अल्टर थांबतो. आता त्याच्यामागून आलेल्या सगळ्या क्वेरी अल्टरच्या मागे थांबतात, कारण रांगेत त्यांच्यापुढे एक एक्स्क्लुझिव्ह मागणी उभी आहे. रिपोर्टची सिलेक्ट आणि बाकीच्या सिलेक्ट एकमेकींच्या आड येत नसूनही सगळं ठप्प. काही सेकंदांत कनेक्शन पूल भरतो आणि साइट पडते. अल्टर अजून सुरूसुद्धा झालेला नसतो!

उपाय लॉक_टाइमआउट. फाइलमधलं पहिलं ऑपरेशन म्हणून रनएसक्यूएल: सेट लोकल लॉक_टाइमआउट = '३एस'. लोकल असल्यामुळे ते त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच टिकतं. ३ सेकंदांत लॉक मिळालं नाही तर मायग्रेशन एररने पडेल, रांग मोकळी होईल, थोड्या वेळाने पुन्हा चालवा. चार-पाचदा चालवावं लागलं तरी हरकत नाही, पडलेल्या प्रयत्नात डेटाबेसमध्ये काहीच बदललेलं नसतं. नेमकं कोण अडवतंय ते पाहायला पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी आणि पीजी_ब्लॉकिंग_पिड्स. बहुतेक वेळा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेत पडून राहिलेलं एखादं कनेक्शन सापडतं.

शून्याधारित

मायएसक्यूएलवाल्यांसाठी: हीच रांग तिथे मेटाडेटा लॉकमुळे लागते, आणि लॉक_वेट_टाइमआउटचं मूळ मूल्य ३१५३६००० सेकंद आहे. म्हणजे एक वर्ष. मायग्रेशनच्या सेशनमध्ये ते ५ वर आणल्याशिवाय अल्टर चालवू नका.

त्याहून मोठा फरक म्हणजे मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक डीडीएल (रचना बदलणारं स्टेटमेंट) आपणहून कमिट होतं. एका फाइलमध्ये चार ऑपरेशन आहेत आणि तिसरं पडलं, तर पहिली दोन झालेली असतात, पण जँगो_मायग्रेशन्स टेबलात नोंद नसते. पुन्हा चालवलं की पहिल्याच ओळीवर १०६०, डुप्लिकेट कॉलम नेम. म्हणून तिथे एका फाइलमध्ये एकच ऑपरेशन, अपवाद नाही. ८.० मध्ये ॲटॉमिक डीडीएल आलं आहे खरं, पण ते एका स्टेटमेंटपुरतं. पूर्ण फाइल त्यात येत नाही.

कॉलम घालताना अल्गोरिदम=इन्स्टंट स्वतः लिहा. ८.०.१२ पासून शेवटी कॉलम घालायला चालतं, ८.०.२९ पासून मध्येही. शब्द लिहिला की फायदा असा: ते काम इन्स्टंट होणार नसेल तर मायएसक्यूएल गुपचूप टेबल कॉपी करत न बसता सरळ एरर देतो. इन्स्टंट किंवा इनप्लेसमध्ये न बसणाऱ्या बदलांना जीएच-ओएसटी किंवा पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज ही साधनं.

चौकट

बॅकफिलचं नीट सांगा कुणीतरी. बॅच केवढी, झोप किती?

तळटीप

आयडीच्या पट्ट्यांनी जा. ऑफसेट वापरू नका, पुढे पुढे प्रत्येक बॅच हळू होत जाते. प्रत्येक फेरीत असं एक स्टेटमेंट:

अपडेट ऑर्डर सेट स्रोत = केस … एंड व्हेअर आयडी > १०००० अँड आयडी <= २०००० अँड स्रोत इज नल

५,००० ते १०,००० ची बॅच, प्रत्येकीचा स्वतंत्र कमिट, मध्ये ०.२ सेकंद थांबा. ४ कोटीला १०,००० च्या ४,००० बॅच होतात. एक बॅच सेकंदभर धरली तर थांब्यासकट ४,८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटं. 'स्रोत इज नल' ही अट सोडू नका. तिच्यामुळे कमांड मध्येच मारली आणि पुन्हा पहिल्यापासून चालवली तरी चालते, आणि नव्या कोडने आधीच लिहिलेली किंमत तुडवली जात नाही.

केसमध्ये एल्स काय ठेवायचं ते आधी ठरवा. 'चॅनल'मधल्या सगळ्या वेगवेगळ्या किंमती ग्रुप बाय करून आधी काढा, जमल्यास रेप्लिकावर (डेटाबेसच्या चालू प्रतीवर). 'वेब ' असा शेवटी स्पेस असलेला, रिकामी स्ट्रिंग, कॅपिटल अक्षरांतला, सगळे सापडतील. ओळखू न आलेल्यांना मुकाट्याने 'वेब' म्हणून ढकलू नका. एल्स नल ठेवा, शेवटी उरलेले मोजा आणि त्यांचं काय करायचं ते विचारून घ्या.

वेग ठरवताना नजर दोन ठिकाणी हवी. एक, रेप्लिका असेल तर ती किती मागे पडतेय. पाच-दहा सेकंदांच्या वर गेली की कमांडने स्वतःच थांबायला हवं. दोन, ब्लोट. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे रेकॉर्डची नवी प्रत, त्यामुळे ४ कोटी अपडेट म्हणजे ४ कोटी मेलेल्या प्रती. ऑटोव्हॅक्यूमला श्वास घ्यायला वेळ द्या. एकच अवाढव्य अपडेट चालवलं तर त्या ट्रान्झॅक्शनच्या काळात मेलेल्यातलं काहीच साफ होत नाही आणि टेबल जवळपास दुप्पट होऊ शकतं.

इंडेक्स नंतर ठेवण्याचं कारणही हेच. 'स्रोत'वर इंडेक्स नसेल आणि पानात जागा असेल तर अपडेट हॉट पद्धतीने होतं, म्हणजे बाकीच्या इंडेक्सांना हात लागत नाही. इंडेक्स आधी बांधलात तर प्रत्येक अपडेट टेबलावरच्या सगळ्याच इंडेक्समध्ये नवी नोंद टाकतं.

उलटा_बाण

रनपायथनमध्ये थोडा डेटा भरायचाच असेल, छोट्या टेबलाला हरकत नसते, तर मॉडेल थेट इम्पोर्ट करू नका. ॲप्स.गेट_मॉडेल वापरा. थेट इम्पोर्ट केलेलं मॉडेल आजचं असतं. सहा महिन्यांनी त्यात नवा फील्ड आला की हेच जुनं मायग्रेशन कोऱ्या डेटाबेसवर पडतं, कारण त्या टप्प्यावर तो कॉलम टेबलात नसतो. गेट_मॉडेलने मिळणाऱ्या ऐतिहासिक मॉडेलवर तुमची सेव्ह मेथड नसते, प्रॉपर्टी नसतात, मॅनेजरही यूज_इन_मायग्रेशन्स लावलेला असेल तरच. स्लग सेव्हमध्ये तयार होत असेल तर तो इथे होणार नाही, हाताने करा.

रिव्हर्स_कोड (मायग्रेशन मागे घेताना चालणारा कोड) द्या. उलटं करण्यासारखं काही नसेल तर रनपायथन.नूप. दिलं नाही तर मागे जाताना 'इरिव्हर्सिबल'ची एरर येते, आणि मागे जायची गरज नेमकी घाईच्या वेळी लागते.

त्याच फाइलमध्ये डेटा आणि रचना दोन्ही असतील तर पोस्टग्रेसवर 'पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स'ची एररही भेटेल. जँगोच्या फॉरेन की डिफर्ड असतात, त्यांची तपासणी कमिटपर्यंत लांबते. रनपायथनने फॉरेन की असलेले रेकॉर्ड घातले आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्याच टेबलाला अल्टर लावला की पोस्टग्रेस नकार देतो. फाइल दोन करा, एरर जाते.

रिकामी_ओळ

इंडेक्ससाठी फील्डवर डीबी_इंडेक्स=ट्रू लावणार होतो.

अर्धविराम

लावू नका, दोन कारणं. साधं क्रिएट इंडेक्स शेअर लॉक घेतं: वाचन चालतं, पण इंडेक्स बांधून होईपर्यंत सगळी लेखनं थांबतात. दुसरं, पोस्टग्रेसवर कॅरफील्डला डीबी_इंडेक्स दिलं की जँगो दोन इंडेक्स बांधतो, एक साधा आणि एक लाइक-शोधासाठी, नावाच्या शेवटी _लाइक असलेला. चार किंमतींच्या कॉलमावर लाइक शोध कोण करणार?

मेटामधल्या इंडेक्सेसमध्ये लिहा, मग तयार झालेल्या फाइलमध्ये ॲडइंडेक्सच्या जागी ॲडइंडेक्सकन्करंटली ठेवा. ते जँगो.कॉन्ट्रिब.पोस्टग्रेस.ऑपरेशन्समध्ये आहे, जँगो ३.० पासून. मायग्रेशन क्लासवर ॲटॉमिक = फॉल्स हवंच, कारण कन्करंटली ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. त्या फाइलमध्ये दुसरं काहीही ठेवू नका.

मध्येच तुटलं तर मागे इनव्हॅलिड इंडेक्स राहतो. त्याचा वाचनाला उपयोग शून्य, पण प्रत्येक लेखनात तो सांभाळावा लागतोच. मायग्रेशन पुन्हा चालवलं तर 'आधीच अस्तित्वात आहे' म्हणून पडेल. पीजी_इंडेक्समध्ये इंडइजव्हॅलिड फॉल्स आहे का बघा, ड्रॉप इंडेक्स कन्करंटली करा, मग पुन्हा चालवा. कमांडमध्ये 'इफ नॉट एक्झिस्ट्स' घालून सुटका करून घेणारे भेटतात. त्याने मायग्रेशन हिरवं दिसतं आणि मोडका इंडेक्स तसाच राहतो.

आणि मुळात चार किंमती आणि ४ कोटी रेकॉर्ड, तर एकट्या 'स्रोत'वरच्या इंडेक्सचा प्लॅनरला फारसा उपयोग होणार नाही. क्वेरी 'या स्रोताच्या गेल्या आठवड्यातल्या ऑर्डर' अशी असेल तर स्रोत आणि तारीख असा जोड इंडेक्स बांधा. एक्सप्लेन बघून ठरवा.

तळटीप

पाचवी पायरी, नॉट नल. अल्टरफील्डने नल=फॉल्स केलं की सेट नॉट नल चालतं. त्यात पोस्टग्रेस पूर्ण टेबल वाचून एकही नल नाही याची खात्री करतो, आणि तेही ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक धरून. फील्डला डिफॉल्ट दिलेलं असेल तर जँगो त्याआधी 'जिथे नल आहे तिथे डिफॉल्ट भर' असं एक अपडेटही लावतो, म्हणजे आणखी एक पूर्ण फेरी.

वळसा असा. आधी 'स्रोत नल नाही' अशी चेक कन्स्ट्रेंट नॉट व्हॅलिड म्हणून घाला. ही क्षणात लागते, नव्या लेखनांना लागू होते, जुने रेकॉर्ड बघत नाही. मग व्हॅलिडेट करा. टेबल वाचलं जातं, पण शेअर अपडेट एक्स्क्लुझिव्ह लॉकखाली, म्हणजे वाचन-लेखन दोन्ही चालू राहतं. मग सेट नॉट नल. पोस्टग्रेस १२ पासून अशी तपासून झालेली चेक असेल तर तो टेबल पुन्हा वाचत नाही. शेवटी चेक काढून टाका. जँगो ४.० पासून ॲडकन्स्ट्रेंटनॉटव्हॅलिड आणि व्हॅलिडेटकन्स्ट्रेंट तयार मिळतात.

दोन्ही ऑपरेशन वेगवेगळ्या फाइलमध्येच हवीत. एका फाइलमध्ये ठेवली तर पहिल्याचं कडक लॉक दुसऱ्याचं वाचन संपेपर्यंत धरलं जातं आणि एवढा सगळा उपद्व्याप फुकट जातो.

फॉरेन कीलाही हीच युक्ती: नॉट व्हॅलिड, मग व्हॅलिडेट. फॉरेन की घालताना दोन्ही टेबलांवर लॉक लागतं हे विसरू नका. नवं चिमुकलं टेबल यूजर टेबलाला जोडताना लॉक यूजर टेबलावरही बसतं.

उलटा_बाण

सातव्या पायरीत अर्धविराम यांनी 'चॅनल'वरचं नॉट नल आधी काढा म्हटलंय ते का, हे सुटून जायला नको. मॉडेलमधून 'चॅनल' काढलेला नवा कोड इन्सर्टमध्ये त्याचं नावच घेणार नाही. कॉलम अजून टेबलात आहे, नॉट नल आहे, डेटाबेसकडे डिफॉल्ट नाही. पहिलीच नवी ऑर्डर पडली. म्हणून आधी एक मायग्रेशन नल=ट्रू करणारं.

मग सेपरेटडेटाबेसअँडस्टेट. एका फाइलमध्ये स्टेट_ऑपरेशन्समध्ये रिमूव्हफील्ड, डेटाबेस_ऑपरेशन्स रिकामं. जँगोच्या मनातून फील्ड गेला, डेटाबेसमध्ये कॉलम आहे. हे चढू द्या, एक-दोन दिवस राहू द्या. पुढच्या फाइलमध्ये रनएसक्यूएलने ड्रॉप कॉलम. ड्रॉपसुद्धा फक्त कॅटलॉगमध्ये खूण करतो. क्षणात होतो, पण डिस्कवरची जागा लगेच मोकळी होत नाही.

रेल्सवर (रूबीच्या वेब फ्रेमवर्कवर) याच कामाला इग्नोर्ड_कॉलम्स. ॲक्टिव्ह रेकॉर्ड कॉलमांची यादी सुरुवातीला वाचून लक्षात ठेवतो, त्यामुळे आधी इग्नोर्ड_कॉलम्सचा डिप्लॉय, मग ड्रॉप. कन्करंट इंडेक्ससाठी डिसेबल_डीडीएल_ट्रान्झॅक्शन आणि अल्गोरिदम कन्करंटली. स्ट्राँग_मायग्रेशन्स जेम लावलं तर धोकादायक मायग्रेशन चालायच्या आधीच अडवतं आणि पर्याय काय तेही छापून देतं. जँगोत एवढं तयार काही गाभ्यात नाही, एसक्यूएलमायग्रेटचं आउटपुट रिव्ह्यूमध्ये चिकटवायची सवय लावा.

चौकट

कॉलमचं नुसतं नाव बदलायचं असेल तर? मेकमायग्रेशन्स विचारतं ना, 'रिनेम केलंय का' म्हणून.

शून्याधारित

विचारतं, आणि उत्तराचं मूळ मूल्य 'नाही' आहे. घाईत एंटर दाबलं की रिमूव्हफील्ड आणि ॲडफील्ड तयार होतात, म्हणजे डेटा गेला. फाइल उघडून रिनेमफील्ड आहे का ते बघितल्याशिवाय कमिट करू नका. फील्डचं नाव बदलताना त्याचा प्रकारही बदललात तर तो प्रश्न विचारतच नाही. ॲलेंबिकचं (पायथनमधल्या दुसऱ्या मायग्रेशन साधनाचं) ऑटोजनरेट तर नाव बदललेलं कधीच ओळखत नाही, काढा-घालाच लिहून देतं.

पण चालू साइटवर खरं रिनेम करूच नये. जुना कोड जुनं नाव मागणार, नवा नवं, दोघांना एकाच क्षणी खूश ठेवता येत नाही. फक्त पायथनमधलं नाव खटकत असेल तर फील्डचं नाव बदला आणि डीबी_कॉलममध्ये जुनंच नाव ठेवा. डेटाबेसला हातच लागत नाही.

रिकामी_ओळ

आणखी एक. दोन ब्रँचमध्ये दोघांनी ००४२ बनवलं की 'मल्टिपल लीफ नोड्स' येतं. दरवेळी मेकमायग्रेशन्स --मर्ज करतोय. बरोबर आहे का?

अर्धविराम

चालतं, पण मर्ज फाइल फक्त जोडणी करते, दोन मायग्रेशन एकमेकांशी खरोखर जुळतात का हे तपासत नाही. माझी पसंती वेगळी: तुमची फाइल अजून कुठेही लागू झालेली नसेल तर तिचं नाव ००४३ करा आणि डिपेंडन्सीजमध्ये समोरच्याची ००४२ लिहा. सरळ साखळी राहते. लागू झालेली असेल तर नावाला हात लावू नका. जँगो_मायग्रेशन्स टेबलात ॲप आणि नाव एवढ्यावरच ओळख असते, नाव बदललं की जँगोला ती नवी फाइल वाटते आणि तो ती पुन्हा चालवायला जातो.

जँगो-लिनिअर-मायग्रेशन्स हे पॅकेज प्रत्येक ॲपमध्ये मॅक्स_मायग्रेशन.टीएक्सटी ठेवतं. त्यात शेवटच्या मायग्रेशनचं नाव असतं, त्यामुळे दोन ब्रँच भिडल्या की गिटमध्येच कॉन्फ्लिक्ट येतो. डिप्लॉयच्या वेळी कळण्यापेक्षा तिथे कळलेलं बरं.

सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेत) मेकमायग्रेशन्स --चेक लावाच. मॉडेल बदलून फाइल करायला विसरलेले तिथेच पकडले जातात.

चौकट

--फेक कधी वापरायचं? डेटाबेस आणि फाइल जुळत नाहीत तेव्हा तेच करा असं बऱ्याच उत्तरांत दिसतं.

तळटीप

--फेक फक्त जँगो_मायग्रेशन्समध्ये ओळ टाकतं, टेबलाला काही करत नाही. ऑपरेशनचा परिणाम डेटाबेसमध्ये आधीच तंतोतंत आहे असं डोळ्यांनी बघितलं असेल तेव्हाच. उदाहरणार्थ मायएसक्यूएलवर अर्धवट पडलेलं मायग्रेशन हाताने पूर्ण केलं, मग नोंद फेक केली. एरर घालवायचं साधन म्हणून वापरलंत तर चूक लपते आणि तीन मायग्रेशननंतर वेगळ्याच ठिकाणी वर येते.

याचं मूळ समजून घ्या. मेकमायग्रेशन्स नवे बदल शोधताना डेटाबेसची रचना बघतच नाही. तो आधीच्या सगळ्या फाइल मनात चालवून एक रचना उभी करतो आणि ती मॉडेलशी ताडून पाहतो. कुणी पीएसक्यूएलमध्ये जाऊन हाताने कॉलम घातला तर त्याला त्याचा पत्ता नसतो. ॲलेंबिकचं ऑटोजनरेट उलट चालतं, जिवंत डेटाबेसशी तुलना करतं. म्हणून तिथे लोकल डेटाबेसमध्ये हाताने काही बदललेलं असेल तर भलतंच मायग्रेशन तयार होतं.

उलटा_बाण

मायग्रेट कुठून चालवता? कंटेनरच्या एंट्रीपॉइंटमध्ये असेल तर आधी तिथून काढा. चार कंटेनर एकदम उठले की चार मायग्रेट एकदम सुटतात. रेल्स ५.० पासून ॲडव्हायझरी लॉक घेऊन बाकीच्यांना अडवतो, जँगो असलं काही घेत नाही. मग एक जिंकतो आणि बाकीचे 'कॉलम आधीच आहे' म्हणत पडून रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकतात. डिप्लॉयमध्ये मायग्रेशनची वेगळी, एकदाच चालणारी पायरी हवी. पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा मधला प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर मायग्रेशनचं कनेक्शन त्याला वळसा घालून थेट डेटाबेसला जोडा. सेशनवर अवलंबून असलेल्या सेटिंग आणि लॉक त्याच्यातून भरवशाने जात नाहीत.

शून्याधारित

एका बाबतीत वेगळं मत नोंदवतो. वर रिव्हर्स_कोड द्याच म्हटलंय. लोकलवर ठीक, ब्रँच बदलताना लागतं. प्रॉडक्शनवर मात्र मागे जाण्याचा भरवसा धरू नका. ॲडफील्डचं उलट म्हणजे कॉलम ड्रॉप, आणि गेल्या तासाभरात त्यात लिहिलेला डेटा गेला. वरच्या आठ पायऱ्यांचा खरा उपयोग हाच की कुठल्याही टप्प्यावर कोड मागे नेता येतो, डेटाबेसला हात न लावता.

उलटा_बाण

आठव्यापर्यंत मान्य. आठवीनंतर कोडही मागे नेता येत नाही. जुना कोड 'चॅनल' मागतो आणि तो आता नाही. म्हणून ड्रॉपचं मायग्रेशन दुसऱ्या कुठल्याही बदलासोबत नको, आणि त्याआधी आयडी व 'चॅनल' एवढे दोन कॉलम कॉपी कमांडने फाइलमध्ये काढून ठेवा.

रिकामी_ओळ

शेवटची शंका. स्टेजिंगवर एसक्यूलाइट आहे. तिथे ही सगळी साखळी एकदा चालवून बघितली तर चालेल?

तळटीप

नाही. एसक्यूलाइटवर बऱ्याचशा अल्टरसाठी जँगो नवं टेबल बांधतो, डेटा कॉपी करतो, जुनं टाकतो आणि नाव बदलतो. लॉकचा प्रकार वेगळा, एसक्यूएल वेगळं, आणि ॲडइंडेक्सकन्करंटलीसारखी फक्त पोस्टग्रेसची ऑपरेशन तिथे एररने पडतात, म्हणजे साखळी पूर्ण चालणारच नाही. पोस्टग्रेस १४ च घ्या, जनरेट_सिरीजने ऑर्डर टेबलात कोटीभर रेकॉर्ड भरा. मग एका टर्मिनलमध्ये बिगिन करून ऑर्डरवर एक सिलेक्ट मारा आणि कमिट न करता तसंच सोडा. दुसऱ्यात पहिलं मायग्रेशन चालवा. ३ सेकंदांत 'लॉक टाइमआउट' म्हणून पडलं तर सेटिंग बरोबर बसलंय. लटकून राहिलं तर सेट लोकल चुकीच्या फाइलमध्ये आहे किंवा त्या फाइलला ॲटॉमिक = फॉल्स लागलंय.